तीन काजं

शिंप्याची बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच दिवशी लेकीला दोन नोकऱ्यांची पत्रं आली. कन्सल्टिंगवाले महिनाभर थांबायला तयार होते. इन्व्हेस्टमेंट बँकेला ती सोमवारीच हवी होती. “बँकच धर,” मामा म्हणाला. “लक्ष्मी दारात आल्यावर तोंड धुवायला जाऊ नये.” शिंपी लेकीचा नोकरीसाठीचा कोट मांडीवर घेऊन बसला होता. बटणांची काजं नेहमी बायको हाताने करायची; या कोटाची तीन राहिली होती. “ती मशीनवर मारा, दाजी. सोमवारी कोण बघतंय?” “तुझी बहीण बघायची, कापड उलटं करून. माझी गिऱ्हाइकंसुद्धा थांबलीत. बँकेला काय धाड भरलीय?” लेकीने तिथल्या तिथे बँकेला नकार कळवला. “मामा, महिन्याने कन्सल्टिंगमध्ये जाईन, आणि याच कोटात.” मामा उठला. शिंप्याने सुईत दोरा ओवला. तिन्ही काजं अजून बाकी होती.