झाकणाचा नट

"उलटा बसवलास," सासूबाई म्हणाल्या. "काढ बाहेर."

सुनेने तेलाचा फिल्टर पुन्हा ओढून काढला. मोटरसायकल तिच्या जन्माच्याही आधीची होती. मालक उद्या ती घेऊन जुन्या गाड्यांच्या शर्यतीत घाट चढणार होता आणि या इंजिनाचा मूळ फिल्टर आता कुणी बनवत नव्हतं. सासूबाईंनी भलत्याच इंजिनाचा एक कागदी फिल्टर हुडकला होता. जाडीला बरोबर, लांबीला नखभर कमी. तेवढी जागा भरायला लेथवर पितळेची चकती करून घेतली होती.

"बंद तोंड आत की बाहेर?" सुनेने विचारलं.

"तेल कुठून येतं?"

"आतून."

"मग त्याच्या वाटेत दार लावून घेशील का?"

सुनेने फिल्टर फिरवला. उलटा राहिला असता तर इंजिन थोडा वेळ गोड चाललं असतं आणि मग तेलावाचून कायमचं बसलं असतं. आधी स्प्रिंग, मग चकती, मग रबराचं वायसर, मग फिल्टर, असं तिने एकेक आत सरकवलं. वर झाकण ठेवलं. झाकणाला मधोमध एकच मोठा नट होता.

गॅरेज सासूबाईंचं होतं. जन्म त्यातच गेला. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, पाय सावरला, वाचा सावरली, पण उजवा हात मांडीवर येऊन पडला तो पडलाच. तेव्हापासून सासूबाई स्टुलावर बसून सांगायच्या आणि सून करायची. सुरुवातीला सुनेला नट कुठला नि बोल्ट कुठला हेही कळत नव्हतं. "यातला नवरा कोण ते आधी ओळख," असं म्हणून सासूबाईंनी तिला पहिला धडा दिला होता. आता तिच्या नखांतलं काळं साबणाने निघत नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

तरी सासूबाईंनी गॅरेज बंद करायचं ठरवलं ते ठरवलंच. हत्यारं विकत घेणाऱ्या माणसाला त्यांनी स्वतःच निरोप धाडला. "दुसऱ्याच्या हाताने किती दिवस काम करायचं?" त्या म्हणाल्या होत्या.

"माझा हात दुसऱ्याचा कसा झाला, आई?" सुनेने विचारलं होतं.

तो माणूस सकाळीच आला होता. भिंतीवरची हत्यारं उतरवून, फडक्यांत गुंडाळून त्याने पेटी भरली होती. पण एवढी एक गाडी व्हायची होती, म्हणून तो पेटीशेजारी उकिडवा बसला होता आणि लागेल ते हत्यार काढून देत होता. विकत घ्यायला आलेला माणूस आता मदतनीस झाला होता. त्यालाही ते आवडलेलं दिसत होतं.

सुनेने मोठ्या पान्याने नट आवळला, पाना त्याच्याकडे परत दिला, गाडीवर बसली आणि किक मारली. पहिल्या किकेला गाडी नुसती खोकली. दुसरीला सुरू झाली.

"ॲक्सिलरेटर सोडू नकोस, बंद पडेल," सासूबाई म्हणाल्या. "तेलाच्या टाकीचं बूच काढ नि आत बघ. तेल फिरून परत आलं पाहिजे."

सुनेने टाकीत डोकावलं. आत काळोख होता. काहीच पडत नव्हतं. गॅरेज धुराने भरायला लागलं.

"येत नाही, आई."

"थांब जरा."

तेवढ्यात झाकणाच्या कडेने तेलाची चिळकांडी उडाली. सासूबाईंच्या लुगड्यावर, स्टुलावर, भिंतीवर. त्यांनी झटकन पुढे वाकून डाव्या हाताने झाकण दाबून धरलं.

"बंद करू का?" सून ओरडली.

"करू नकोस. तेल फिल्टरपर्यंत आलंय. आता वाट मोकळी आहे." मग मान न वळवता त्या म्हणाल्या, "पाना द्या."

हत्यारंवाल्याने पाना पुढे केला. नट अर्धा फेरा फिरला. मग आणखी थोडा. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले आणि थेंब थांबले.

सून टाकीत बघत होती. काळोखात आधी काहीतरी चकाकलं. मग बोटभर रुंद, मधासारखी तेलाची धार वरून आत पडू लागली, न तुटता.

"आलं," ती म्हणाली. "आई, आलं तेल."

हत्यारंवाला उठून बघायला आला. दोघं टाकीवर डोकी लावून त्या धारेकडे बघत राहिले. इंजिनाचा आवाज हळूहळू एका लयीत आला. सुनेने ते बंद केलं, हात पुसले आणि सासूबाईंना काहीतरी सांगायला खाली बघितलं.

सासूबाईंचा डावा हात अजून झाकणावर होता.

"आई," सून हळूच म्हणाली, "पाना कुठल्या हातात आहे?"

सासूबाईंनी खाली बघितलं. बोटं तेलाने माखली होती आणि पान्याभोवती घट्ट मिटलेली होती. सुनेने ती एकेक करून उघडायला बघितली. उघडेनात. तिच्या डोळ्यांतलं पाणी सासूबाईंच्या मनगटावर पडलं, आणि तिथे ते जाणवलं असावं, कारण सासूबाई हसल्या.

हत्यारंवाल्याने पान्यासाठी फडकं पसरून धरलं होतं.

"हा काही सुटत नाही," सासूबाई त्याला म्हणाल्या. "बाकीची हत्यारंही परत भिंतीवर लावा."