ढिली जाळी

माझ्या पोरीचं, दिव्यानीचं कोपर सुजलं तेव्हा डॉक्टरनं तीन महिने खेळणं बंद सांगितलं, पण रविवारी नागपूरला टेनिसची निवड होती. मी बल्लारपूरच्या क्लबात साहेबांच्या रॅकेटींचं गटिंग करतो, म्हणजे त्यांची जाळी विणून ताणतो. माझ्याकडे उपाय एकच. जाळी ढिली ठेवली की हाताला हादरा कमी बसतो. जाळीचा ताण पन्नास पौंडांवरून चाळीसवर आणला, मग तीसवर, मग वीसवर. दरवेळी विचारलं, "दुखून राह्यलं का, पोरी?" दरवेळी ती म्हणाली, "कमी हाय, बाबा." ढिल्या जाळीनं बॉल मात्र लांब उडून कुंपणापलीकडच्या सागांत पडायचा. "आणखी ढिली केली, त या जाळीनं मासोळ्याच धरा लागन," मी म्हटलं. तिनं हसून रॅकेट डाव्या हातानं पुढे केली. "पयलेसारखी कसून द्या. दुखणं कमी झालंच नोयतं, तुमाले बरं वाटावं म्हणून म्हणत होती. दुखाचंच हाय, त बॉल आत तरी पडन." मी मशीनचा काटा पन्नासवर नेला.