सिमेंटवरच्या विटा

"त्यापेक्षा खऱ्या विटाच बसवा ना ताई," रंगाचा दुकानदार दुसरा डबा फळीवर ठेवत म्हणाला. "सिमेंटवर रंगवलेल्या विटा म्हणजे दोन वर्षांची हौस."

"दोन वर्षं पुष्कळ झाली," धाकटी म्हणाली आणि डबे उचलून निघाली.

ती पाट्या रंगवायची. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, मोटारींच्या नंबरांच्या. हात बसलेला होता, पण अंगण तिने कधी रंगवलं नव्हतं. मागच्या दाराबाहेरचं हे अंगण म्हणजे करड्या सिमेंटचा सपाट चौकोन. कपडे वाळत घालण्यापलीकडे तिथे कुणी जात नसे.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. आईची आठवण वर्षभरापासून विरत चालली होती. रोज संध्याकाळी ती पिशवीत दोन कपडे भरून दाराशी उभी राहायची.

"चला बाई, मला उशीर होतोय. तिकडे वाट बघत असतील."

"आई, मी बाई नाही. मी धाकटी."

"असाल," आई समजुतीने म्हणायची. "पण इथे विटांचं अंगण कुठे आहे?"

त्या अंगणाचं वर्णन धाकटीने तिच्याकडून थोडं थोडं करून काढून घेतलं होतं. एक आडवी, एक उभी अशा तांबड्या विटा. भिंतीलगत लांब बाक. दाराजवळ लहान लहान चपलांची रांग. आजोळच असणार. आईला पाच भावंडं होती. ते घर धाकटीच्या जन्माआधीच विकलं गेलं होतं.

दादाला विचारता आलं असतं. तो तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. पण दादाशी आता ती बोलत नव्हती.

आईला सहा महिने त्याने आणि सहा महिने तिने सांभाळायचं, असं ठरलं होतं. दादाचे सहा महिने काही उगवले नाहीत. तेही तिने मनाला लावून घेतलं नाही. पण गेल्या आठवड्यात एका वृद्धाश्रमातून फोन आला. जागा रिकामी झाली आहे, आईंना कधी आणताय? अर्जावर दादाची सही होती.

तिने फोन ठेवला तेव्हा आई समोर बसून स्वेटरची बटणं लावत होती, एक वर एक खाली. धाकटी कितीतरी वेळ त्या बटणांकडे बघत राहिली. दादाने तिला सायकलवर बसवून शाळेत पोचवलं होतं. तिला कुणी एक शब्द बोललं तर तो दहा ऐकवून यायचा. त्याच दादाने पाठीमागून असं करावं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

तिने त्याला फोन लावला.

"तुझ्यासाठीच केलं," दादा म्हणाला. "तू का झिजतेस तिच्यापायी? तुला एवढं करायची खरंच गरज नाही."

"गरज? अरे, मी तिच्या पोटची आहे. तुला विसर पडला असेल, मला नाही."

 दादाने फोन ठेवून दिला.

त्या रागातच तिने अंगण घासून काढलं. भेगा सिमेंटने बुजवल्या, सगळीकडे चुन्यासारखा फिकट रंग दिला आणि तो वाळल्यावर सांध्यांच्या जागी चिकटपट्टीच्या शेकडो रेघा मारल्या. गुडघे सोलवटले. वरून तांबडा रंग दिला. प्रत्येक वीट वेगळी दिसावी म्हणून स्पंजाने कुठे गडद केली, कुठे जळकी. चौथ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या आणि ती स्वतःच क्षणभर फसली. भिंतीशी शेजाऱ्यांकडून आणलेला बाकही मांडला.

दुसऱ्या दिवशी दादा आला. आश्रमाचे कागद हातात होते. मागच्या दारातून त्याने बाहेर पाहिलं आणि तो तिथेच थबकला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. आजोळचं अंगण आहे."

"आजोळी दगडी फरशी होती. तिच्यावर आपटून माझा दात पडलाय."

"मग हे कुठलं?"

दादा पायरीवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "ते सोड. ब्रश आहे ना? करड्या रंगाचा एक हात मार यावर, मी मदत करतो. आईला मात्र बाहेर आणू नकोस."

"आधी आश्रम, आता हे." धाकटी उसळली. "तिचं एवढंसं सुखही तुला बघवत नाही का रे?"

तो काही बोलणार होता, पण ती आत गेली आणि आईचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली.

आई उंबऱ्याशी थांबली. मग एकेक पाऊल जपून टाकत विटांवरून चालत गेली आणि बाकावर बसली. कपाळावरचे केस तिने मागे सारले. कित्येक महिन्यांत ती अशी ताठ बसली नव्हती. धाकटीने दादाकडे बघितलं. बघ, असं तिला म्हणायचं होतं. पण त्याने मान खाली घातली होती.

"अहो, तुम्ही पण बसा ना," आई त्याला म्हणाली. दादा आता हुबेहूब बाबांसारखा दिसायचा. तो निमूटपणे जाऊन तिच्याशेजारी बसला.

मग आईने धाकटीला खुणेने जवळ बोलावलं आणि तिचा हात हातात घेतला.

"बाई, सह्या झाल्या सगळ्या, आता त्या मुलीला आणा बाहेर. आणि तुम्ही निश्चिंत राहा. फाटकाशी आमचा आठ वर्षांचा मुलगा उभा आहे, त्यालाही शपथ घातली आहे. ती आमची नाही, हे तिला कुणी कधीच सांगणार नाही."