हाडाची चॅसी

ड्रिल मशीनचा आवाज ऐकून सुमित्राबाई गॅरेजमध्ये धावल्या. लेक शाल्मली रेसिंग कारखाली आडवी पडून चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, भोकं पाडत होती. ही चॅसी तिच्या वारलेल्या वडिलांच्या, आबांच्या, हाडांच्या पेशींपासून वाढवलेली होती, पोलादाहून हलकी आणि अजून जिवंत.

"ह्यांच्या हाडांना भोकं पाडतेस? लाज नाही वाटत?"

"वजन कमी केल्याशिवाय गाडी पळणार नाही, आई! आणि आबा ते करूच देत नाहीत. बघ!"

शाल्मलीनं टॉर्चचा उजेड टाकला. सकाळी पाडलेली सगळी भोकं हाडानं गच्च भरून आली होती.

"जिवंतपणी मला रेसिंगपासून अडवलं, आता मेल्यावरही!"

सुमित्राबाईंनी वाकून एका भरलेल्या भोकावरून बोट फिरवलं. मग त्यांनी पदर खोचला आणि मशीन हिसकावून घेतलं.

"सरक तिकडे. मलाही कधी साधी स्कूटर शिकू दिली नाही ह्या माणसानं."