आणखी दहा उड्या

"आणखी दहा उड्या," भारती मॅडम म्हणाल्या. राज्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली होती आणि पंधरा वर्षांची ऋजुता त्यांच्या बास्केटबॉल संघातली सगळ्यात उंच उडी घेणारी मुलगी होती. सहाव्या उडीला तिचा उजवा पाय नीट टेकला नाही. मॅडमना ते दिसलं, पण त्यांनी शिट्टी वाजवली नाही. आठव्या उडीला ती गुडघा धरून कोसळली.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की चालता येईल, पण खेळणं आता विसरायचं.

मॅडम तिच्या घरी भेटायला गेल्या, तर ऋजुताच त्यांची समजूत घालू लागली. "तुम्ही रडू नका ना, मॅडम. चूक माझीच आहे. आठवडाभर गुडघा दुखत होता आणि मी तुमच्यापासून लपवलं."

मॅडमना गप्प बसता आलं असतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"लपलं नव्हतं गं. मी रोज बघत होते."

ऋजुताने हळूच हात सोडवून घेतला.

"आई," ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "मॅडम निघाल्यात."