मऊ माल

सासऱ्यांना घरचं कुणी ओळखू येत नव्हतं, पण फेडोरा हॅटचा माथा घडवणं हात विसरले नव्हते. किटलीच्या वाफेवर लोकरीचं जाड फेल्ट मऊ करायचं, तळहाताच्या कडेने मधोमध घडी दाबायची, पुढे बोटांनी चिमटायचं. दुकान त्यावरच चालायचं. गिऱ्हाईकासाठी दोन महिन्यांच्या लेकीला पाळण्यात ठेवून मी बाहेर गेले. परतले तर ती त्यांच्या हातांत, उकळत्या किटलीपाशी. तिच्या न भरलेल्या टाळूवर त्यांचा अंगठा अंदाज घेत फिरत होता. “माल लोण्यासारखा आहे, बाई,” खुशीत म्हणाले. “घडी झकास बसेल.” मी ओरडले असते, तर दचकून अंगठा रुतला असता. मी हसत पुढे झाले. “ही अशीच विकलीय, उस्ताद. गिऱ्हाईक खोळंबलंय.” तिच्यावरची धूळ फुंकून त्यांनी ती अलगद माझ्याकडे दिली आणि रिकामे हात पुढे केले. “आण दुसरी.”