चार बोटं उघडी खिडकी

“जोरात ओढा,” खिडकीवाला म्हणाला. “लहान मूल ओढेल तशी.”

हेडबाईंनी ओढली. खिडकी चार बोटं सरकली आणि चौकटीतल्या खटक्याला अडली. खटक्याचं लाल बटण दाबल्याशिवाय ती पुढे जाणार नव्हती. हवा आत यावी, पण मूल बाहेर जाऊ नये, अशी त्याची कल्पना होती.

“कसा वाटतो? खरं सांगा. चुका काढायलाच बोलावलंय तुम्हा सगळ्या जणींना.”

तो आणि त्याची बायको महिन्यापूर्वीच तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचा त्याचा कारखाना, म्हणून इमारतीने त्याला लगेच खिडकीवाला करून टाकलं. हेडबाई बालवाडीतून निवृत्त झाल्या होत्या, तरी अख्खी इमारत अजून त्यांच्याच वर्गात होती.

चुका काढण्यात इथल्या बायका एरवी कुणाला हार जायच्या नाहीत. आज मात्र सगळ्यांची वाचा बसली होती, आणि कारण ती खोलीच होती. खिडकीखाली छोटा पलंग, त्यावर एकही सुरकुती नसलेली चादर. भिंतीवर उंची मोजायची जिराफाची पट्टी, पण तिच्यावर खूण एकही नाही. खुणा पुसल्या असाव्यात, असं बायकांनी मनाशी धरलं. दाराशी मुलीच्या चिमुकल्या चपला, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ. आणि घरात मूल नव्हतं.

पहिल्या मजल्यावरच्या तरुण आईने हळूच विचारलं, “किती वर्षांची?”

“अडीच,” खिडकीवाल्याची बायको म्हणाली आणि डोळे टिपत आत गेली.

पुढचं विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग सगळ्या जणी खटक्याचं कौतुक करत सुटल्या. रंग छान, आवाज छान, स्क्रूसुद्धा छान. तेवढ्यात तरुण आईची चिमुरडी पलंगावर चढली आणि लाल बटणावर दोन्ही हातांनी रेलली. खटका टक्कन सुटला. आईने झडप घालून तिला उचललं.

“खटका चांगलाच आहे हो,” ती घाईघाईने म्हणाली. “हिचेच हात शिवशिवतात.”

खिडकीवाल्याचा चेहरा उतरला. शनिवारी एक बाई तपासायला येणार आहेत, असं त्याने सांगितलं. या खिडकीपायी एकदा नापास झालोय. पुन्हा झालो तर सगळ्यावर पाणी पडेल. जमलं, तर पुढे बनवेन त्या प्रत्येक खिडकीला हा खटका लावणार आहे. कुठल्यातरी मोठ्या कंपनीची बाई असणार, हे बायकांनी ताडलं.

बाकीच्या गेल्या. हेडबाई मागे रेंगाळल्या.

“तो लाल रंग आधी काढा,” त्या म्हणाल्या. “लाल दिसलं की मूल तिकडेच धावतं. बटण आत बुडवा, वर बसवा.” त्या पलंगाकडे वळल्या. “आणि पलंग तिथून हलवा.”

“पडल्या पडल्या तिला झाडं दिसावीत म्हणून ठेवला होता.”

‘पडल्या पडल्या’ हे शब्द हेडबाईंच्या काळजात रुतले.

“आम्हाला मुलांचं काय कळतंय, हेडबाई,” तो म्हणाला.

“झालं त्यात तुमचा दोष नाही.”

“दोष माझाच.” तो सुटलेल्या खटक्याकडे बघत होता. “मापात चुकलो.”

त्या दिवशी हेडबाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना जिन्यात गाठून झापलं. गोड बोलून त्या माणसाचं काय भलं होणार आहे? त्याला चुका हव्यात, तर चुका द्या. झालं, बायकांची मूळची विद्या परत आली. एकीला खटक्याची कड बोचरी वाटली. दुसरीने चमच्याच्या दांड्याने तो उघडून दाखवला. तरुण आई रोज संध्याकाळी चिमुरडीला घेऊन वर येऊ लागली आणि तिला खुशाल धुडगूस घालू देऊ लागली. खिडकीवाला रोज खटका काढून कारखान्यात न्यायचा आणि सुधारून आणायचा.

शुक्रवारी चिमुरडी लोंबकळली, लाथा झाडल्या, शेवटी भोकाड पसरलं. खटका जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि खिडकीवाल्याची बायको पहिल्यांदाच खळखळून हसली. हेडबाईंना फार बरं वाटलं. गेलेलं परत येत नाही, पण दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू वाचेल, एवढं खरं होतं.

शनिवारी खिडकीवाल्याने हेडबाईंना मुद्दाम वर बोलावलं. त्या जवळ असल्या की धीर येतो, म्हणाला. तपासणाऱ्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खिडकी ओढली, हिसकली, आपलं वजन टाकून पाहिलं. भिंतीकडे सरकवलेला पलंग पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघरसुद्धा पाहिलं. मग हेडबाईंना त्यांचं मत विचारलं.

“या खिडकीतून आता कुठलंही मूल पडणार नाही,” हेडबाई म्हणाल्या. “माझा शब्द.”

“मग माझी काही हरकत नाही,” बाई म्हणाल्या आणि खाली गाडीकडे गेल्या.

खिडकीवाला मटकन पलंगावर बसला. त्याची बायको रडत होती, हसतही होती. हेडबाईंना राहवलं नाही. आठवडाभर गिळलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच.

“पोरगी जिथे असेल तिथून बघत असेल गं.”

“बघतेयच की,” बायको म्हणाली, आणि चार बोटं उघड्या खिडकीतून तिने खाली उभ्या गाडीकडे बोट दाखवलं. “दत्तक संस्थेच्या बाई वर आणतायत तिला. आजपासून ती आमची.”